बगळा

आमच्या गोठ्याच्या मागच्या भिंतीला पस्तीसेक वर्षं एक लोखंडी अवजार टेकवून ठेवलेलं होतं. खाली फूटभर रुंदीची जाड पत्र्याची बैठक, तिच्यावर उभे केलेले दोन चॅनेल, चॅनेलच्या डोक्यातून आरपार गेलेली पिन आणि त्या पिनेवर वरखाली हलणारा सात फुटी पाइप. पाइपाच्या आखूड टोकाला हूक, लांब टोकाला काही नाही. लांबून बघितलं तर बगळा एका पायावर उभा राहून चोच खाली करतोय असं वाटायचं, म्हणून आम्ही पोरं त्याला बगळा म्हणायचो. अम्मी त्याच्यावर कांद्याच्या रिकाम्या गोण्या वाळत घालायची. हे अवजार कशाचं, असं कुणी विचारलं तर अब्बा म्हणायचे, "खांब काढायचं." कुठले खांब, हे मात्र कुणी विचारत नसे. गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

आम्ही शिकलगार. पूर्वजांनी तलवारींना धार लावली, पणजोबांनी विळे-कात्र्यांना, आणि अब्बा साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून निवृत्त झाले. श्रीगोंदा तालुक्यात आमची दहा एकर जमीन आहे. दादांनी, म्हणजे आजोबांनी, ती तुकड्यातुकड्यांनी घेतली. अर्धी काळी, अर्धी मुरमाड. कुकडीचं आवर्तन आलं तर ऊस, नाही तर लिंबं. या तालुक्यात लिंबाला मरण नाही. भाव मात्र कधी इतका पडतो की तोडणीची मजुरीही निघत नाही.

दादा १९८६ला गेले. मागे दोन मुलगे आणि एक मुलगी: चाचा, अब्बा आणि फुफी. दादी आधीच गेली होती. पुढच्याच वर्षी तलाठ्याकडे जाऊन वाटणी झाली. पाच एकर चाचांना, पाच एकर अब्बांना. फुफीने हक्कसोडपत्रावर सही केली. सही म्हणजे तिने मोडक्या अक्षरात पूर्ण नाव लिहिलं होतं. अंगठा लावला नव्हता. हे मला पुढे महत्त्वाचं वाटलं. तिला वाचता येत होतं.

भावाभावांत वाटणीनंतर जे होतं ते आमच्यातही झालं. विहीर अब्बांच्या बाजूला आली, पाळ्या ठरल्या, पाळ्यांवरून बोलाचाली झाली, आणि १९८८च्या उन्हाळ्यात अब्बांनी शेताच्या मधोमध तार कंपाऊंड ओढलं. आमचं रान जवळजवळ चौकोनी, एका बाजूला ६६० फूट. दहा दहा फुटांवर खांब धरले तर सदुसष्ट होतात. सात दगडी, वडारांकडून घडवून घेतलेले. साठ लोखंडी अँगल, प्रत्येकाच्या पायाशी काँक्रीट. त्याआधी आमच्या भागात कुंपण म्हणजे शेर, घायपात, नाही तर बाभळीच्या काटेरी फांद्या. कुंपण दर वर्षी थोडं सरकायचं, थोडं कुजायचं, शेळ्या त्यातून वाट काढायच्या आणि माणसंही. काटेरी तारेचं पेटंट अमेरिकेत १८७४ला जोसेफ ग्लिडनने घेतलं. आमच्या बांधावर ती तार पोचायला शंभरावर वर्षं लागली, पण आल्यावर ती इंचभरही सरकली नाही.

सरकली नाही म्हणजे, एकदा सरकवावी लागली. १९८९ला चाचांनी मोजणी आणली. विहिरीकडच्या टोकाला कुंपण दीड फूट त्यांच्या हद्दीत गेलेलं निघालं. अकरा खांब काढून मागे घ्यायचे होते. काँक्रीटला वर्ष होऊन गेलं होतं. खांब वाकवायचे नव्हते, अँगलला पैसे पडले होते, आणि भावाकडे मदत मागायची नव्हती. अब्बांनी दोन रविवार खर्चून भंगारातल्या लोखंडातून बगळा बनवला आणि एकट्याने अकराच्या अकरा खांब काढले. पोरगा म्हणून मी पाइपाच्या टोकाला लोंबकळायचो. त्या वयात मला तो खेळ वाटला होता.

यात्रेत शेख महंमद महाराजांच्या दर्ग्यात दोघे भाऊ समोरासमोर यायचे. सलाम व्हायचा, बोलणं नाही. असं अठ्ठावीस वर्षं चाललं. मग अब्बा गेले. मय्यतीला चाचांनी खांदा दिला आणि कबरीवर माती टाकून सरळ घरी गेले.

फुफी दौंडला असते. पंच्याहत्तरीची आहे. दोन वर्षांपूर्वी ईदच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. मुबारकबाद झाली, गुडघ्यांचं झालं, मग ती थांबली आणि म्हणाली, "मेरेकू मेरा हिस्सा होना."

मी म्हणालो, "काय?"

"हिस्सा. बाप की जमीन में का."

मला आधी वाटलं तिला पैशाची अडचण असेल. विचारलंही तसं. ती चिडली. अडचण नाही म्हणाली. मग हक्कसोड का केलं होतंस, हे विचारायचं धाडस मी केलं. तिचं उत्तर असं होतं की तेव्हा तिला माहेर हवं होतं. दोन भाऊ, दोन्हीकडे जाणं-येणं हवं होतं. जमीन सोडली तर माहेर राहील असं सगळ्या बायांनी सांगितलं. जमीन सोडली, आणि वर्षाच्या आत भावांनी मधे तार घातली. तेव्हापासून ती आली की एकाच्या घरी उतरायची आणि दुसऱ्याच्या घरी चोरून जायची. "जमीन बी गई, मैका बी आधा गया," म्हणाली.

मी मुस्लिम समाजातल्या स्त्रियांच्या प्रश्नांवर लिहितो, बोलतो. हे वाचणाऱ्यांपैकी काहींनी मला व्यासपीठावर ऐकलंही असेल. हमीद दलवाईंनी १९७०ला मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, तिथपासून आजपर्यंत तलाक, पोटगी, हलाला यांवर मी तासभर बोलू शकतो. आणि इतकी वर्षं मी फुफीच्या एकरातली लिंबं खात होतो. हा विचार मला त्या फोनपर्यंत एकदाही आला नव्हता. आला नव्हता हे लिहिताना लाज वाटते, पण आला होता आणि मी दाबला, असं लिहिणं खोटं ठरेल.

हिशेब सोपा आहे. सूरे निसामध्ये मुलाला दोन मुलींएवढा वाटा सांगितला आहे. दोन मुलगे, एक मुलगी: दोन, दोन, एक. पाच भाग. दहा एकरांत चार, चार आणि दोन. मुलीला निम्मा का, यावर वाद होऊ शकतो आणि मी तो करतो. पण आमच्या घरात तो निम्माही दिला गेला नव्हता. १९३७च्या शरियत कायद्याने शेतजमीन बाहेर ठेवली आहे हे खरं, पण आमच्याकडे वाटा अडला तो कायद्यातल्या त्या शब्दांमुळे नव्हे. पाच वेळा नमाज पढणाऱ्या माणसांनी, वारसाहक्काच्या त्या आयती तोंडपाठ असताना, बहिणीपुढे कागद सरकवला. शेजारच्या पाटलांना हे सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "भाई, आमच्याकडं काय वेगळं आहे? कायदा झाला १९९४ला महाराष्ट्रात आणि २००५ला दिल्लीत. माझ्या तिन्ही बहिणींच्या सह्या त्याच्यानंतरच्या आहेत." हक्कसोडीच्या बाबतीत गावात धार्मिक भेदभाव नाही.

वकिलांनी सांगितलं की नोंदलेलं हक्कसोडपत्र मागे घेता येत नाही. द्यायचंच असेल तर दोघांनी आपापल्या पाच एकरांतला एकेक एकर फुफीच्या नावे बक्षीसपत्र करून द्यावा. आमच्या बाजूचं माझ्या हातात होतं. चाचांच्या बाजूचं त्यांच्या मुलाच्या, भाईच्या, हातात अर्धं आणि चाचांच्या हातात पूर्ण. भाई माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. लहानपणी आम्ही तारेच्या दोन बाजूंनी एकमेकांना कैऱ्या द्यायचो. मी त्याला सांगितलं, त्याने चाचांना सांगितलं. चाचा पंधरा दिवस काही बोलले नाहीत. सोळाव्या दिवशी म्हणाले, "मोजणी आणा."

मोजणी आली. आता रोव्हर घेऊन येतात, उपग्रहावरून बिंदू धरतात, तासाभरात काम होतं. पण आमचा गुंठा अजून जुन्या साखळीचाच आहे. मुंबई इलाख्यात १८३६ला इंदापूरपासून जी ब्रिटिश मोजणी सुरू झाली, तिची साखळी ३३ फुटांची होती, तिचे १६ आणे पाडलेले. साखळीभर लांब, साखळीभर रुंद तो गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. म्हणून ६६० फूट लांबीच्या रानात एक एकर पाडायचा तर पट्टा बरोबर ६६ फूट रुंद येतो, दोन साखळ्या. दोन साखळ्या तारेच्या अलीकडे, दोन साखळ्या पलीकडे. मोजणीदाराने खुणा केल्या आणि मी आणि भाई बघत राहिलो. फुफीचे दोन एकर सलग हवेत तर ते शेताच्या बरोबर मध्ये येत होते आणि अब्बांचं कुंपण त्यांच्या छातीतून गेलेलं होतं.

खांब काढायचे ठरले. जेसीबीवाल्याने दोन तासांचं काम म्हणून सांगितलं. पण तारेच्या दोन्ही अंगांना आठ-आठ फुटांवर लिंबाची झाडं आहेत, खालून दोघांच्याही पाइपलाइनी गेल्यात, आणि जेसीबी खांब काढत नाही, मोडतो. आम्हाला अँगल शाबूत हवे होते. ओढ्याच्या बाजूने रानडुकरं येतात, तिथे लावायला. शिवाय, हे कारण मी भाईला सांगितलं नाही, पण बगळा भिंतीला होताच.

खांब उपटणं हे ताकदीचं काम वाटतं. निम्मं ताकदीचं आहे. पहारीने खांब डावी-उजवीकडे हलवत बसलं तर वरची सहा इंच माती सैल होते आणि खालचा गोळा जागच्या जागी राहतो. अँगल मात्र जमिनीलगत वाकतो. आमच्या अँगलच्या पायाशी एक फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट खोल काँक्रीट. त्याचं वजनच शंभर किलोच्या आसपास, आणि त्यावर चारी बाजूंनी काळ्या मातीची मिठी. त्यामुळे ओढ सरळ वर पाहिजे, आणि खांबाला धरायचं ते जितकं खाली तितकं बरं.

बगळ्याचा पाइप चौऱ्याऐंशी इंच. पिन हुकाच्या टोकापासून सात इंचांवर. म्हणजे एका बाजूला सात, दुसऱ्या बाजूला सत्त्याहत्तर, अकरापट. माझं वजन अडुसष्ट किलो. मी टोकाला लटकलो तर दुसरीकडे साडेसातशे किलो उचलायची ताकद तयार होते. गंजलेल्या पिनेत थोडी जाते, तरी सहाशे धरा. याची किंमत अंतरात मोजावी लागते. टोक चार फूट खाली दाबलं की हूक चार-सव्वाचार इंच वर येतो. मग पाइप वर करायचा, साखळीच्या दोन कड्या आखडायच्या, पुन्हा दाबायचं. शाळेत तरफ शिकवतात तेव्हा भार, बल आणि टेकू शिकवतात. साखळी आखडणाऱ्या माणसाबद्दल काही शिकवत नाहीत. तो नसेल तर तरफ काही कामाची नाही.

आणि माती. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, खांबाच्या बाजूला हात जाईल एवढी फट पडते, तेव्हा सोपं जाईल असं वाटतं. पण फट वर असते. खाली माती दगड झालेली असते. भर पावसात काढायला जावं तर चिखल गोळ्याला खालून ओढून धरतो आणि बैठक जमिनीत रुतते. पेरणीसाठी आपण जी वेळ धरतो तीच वेळ खांबासाठी: वाफसा. पहिला मोठा पाऊस होऊन तीन-चार दिवस झालेले, माती हातात घेतली तर गोळा होतो आणि टाकला तर फुटतो. आम्ही गेल्या जूनमध्ये तो वाफसा धरला. सगळे पेरणीच्या मागे आणि आम्ही खांबांच्या.

पहिल्या दिवशी सकाळी बगळ्याची पिन तेल टाकून मोकळी केली. मूळ साखळी कुणीतरी कधीच नेली होती. विहिरीतली मोटार काढायच्या चेन कप्पीची साखळी आणली. पहिल्या अँगलला साखळीचे दोन वेढे घातले आणि दाबलं. साखळी गुळगुळीत अँगलवरून सरसर वर सरकली, सगळा गंज खरवडून निघाला, खांब तसाच. मग आठवलं की अब्बा अँगलच्या सर्वांत खालच्या, तारेसाठी पाडलेल्या भोकातून सळईचा तुकडा घालायचे आणि साखळी त्या सळईखाली अडकवायचे. तसं केलं. भाईने बिस्मिल्ला म्हणून दाबलं. जमिनीतून आधी एक आवाज आला, जुना दात हलतो तसा, आणि खांब दोन बोटं वर आला. आम्ही दोघे पन्नाशी ओलांडलेली माणसं, पण ओरडलो.

चौथ्या खांबाला बगळ्याने हिसका दाखवला. जुना हूक ताणून ताणून सरळ झाला, साखळी सुटली, आणि भार गेलेला पाइप माझ्यासकट खाली आपटला. हनुवटीला चार टाके पडले. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कशाने लागलं? बगळ्याने, असं भाई म्हणाला आणि हसत सुटला. पण ही हसण्याची गोष्ट नाही. कुणी असं अवजार करणार असेल तर हूक वापरूच नये. ट्रकवाल्यांकडे बोल्टचं डी-शॅकल मिळतं ते लावावं. पाइपाच्या बरोबर वर छाती आणून दाबू नये, बाजूला उभं राहून दाबावं. आणि साखळीच्या रेषेत कुणाला उभं करू नये, पोरांना तर नाहीच. मला लोंबकळू देणाऱ्या अब्बांना हे कळत नव्हतं असं नाही. त्यांच्याकडे दुसरं कुणी नव्हतं.

पहिल्या दिवशी सात निघाले. दुसऱ्या दिवशी हात बसला, बैठकीखाली जुन्या रेल्वे स्लीपरचा तुकडा ठेवला म्हणजे ती रुतत नाही हे कळलं, आणि बावीस काढले. गोळा आठ-दहा इंच वर आला की पुढे बगळा लागत नाही. मातीची पकड सुटलेली असते, खांब आडवा करून गोळा लोळवत बाहेर घ्यायचा आणि घणाने फोडायचा. तिसऱ्या दिवशी वीस. मधे भाईने ट्रकचे दोन स्क्रू जॅक आणून खांबाच्या दोन बाजूंना ठेवून, वर आडवा चॅनेल टाकून, तोही प्रयोग केला. त्याने खांब निघतो, न हिसकता, न धसकता. पण एका खांबाला वीस मिनिटं. अब्बांच्या भाषेत, ते सरकारी यंत्र होतं.

दगडी खांबांना पाटील आले ट्रॅक्टर घेऊन. त्यांच्याकडे जुन्या जीपची चाकाची डिस्क होती, खाली पट्टी वेल्ड करून उभी राहील अशी केलेली. डिस्क खांबाला लागून उभी करायची, खांबाच्या बुडाला गोणपाट आणि त्यावर साखळीचे तीन वेढे, साखळी डिस्कच्या माथ्यावरून घेऊन ट्रॅक्टरला. ट्रॅक्टर आडवा ओढतो, डिस्कमुळे ओढ उभी होते. पाच इंची चौरस, सात फूट लांबीचा काळा दगड, शंभर किलोला थोडा कमी. त्याला खाली काँक्रीट नव्हतं, नुसता ठेचलेला मुरूम. सहाच्या सहा खांब लोण्यातून सुरी काढावी तसे आले. सातवा, विहिरीकडच्या टोकाचा, पाटलांनी हात लावू दिला नाही. म्हणाले, तो हद्दीचा आहे, राहू दे, काहीतरी राहू दे.

राहिले विहिरीकडचे अकरा. तेच, १९८९ला अब्बांनी एकदा काढून पुन्हा पुरलेले. बगळा लावला, मी लटकलो, भाई लटकला, पाइपाला बाक आला. खांब हलला नाही. दुसऱ्याला लावलं, तेच. आदल्या रात्री पाणी सोडलं, सकाळी पुन्हा बघितलं. काही नाही.

चाचा पहिल्या दिवसापासून लिंबाखाली बाज टाकून बसलेले असायचे. एक्याऐंशी वर्षांचे. चार दिवसांत आमच्याशी एक शब्द बोलले नव्हते; चहा आला की कप हातात घ्यायचे आणि तोंड विहिरीकडे करायचे. त्या सकाळी ते काठी टेकत आले, खांबाजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "वो नै निकलता. मै खींचके देख्या."

भाईने विचारलं, कधी?

मग चाचांनी सांगितलं. कुंपण मागे घेतल्यावर विहिरीकडे जायची त्यांची वाट या खांबांनी बंद झाली. बैलांना पाणी पाजायला सगळ्या रानाला वळसा पडायचा. एका रात्री ते पहार, दावं आणि बैलजोडी घेऊन आले. दोन खांब काढायचे, बैल जाईल एवढी वाट करायची, बस. बैलांनी ओढलं, दावं तुटलं, खांब जागचा हलला नाही. उकरून बघितलं तर खाली काँक्रीटमध्ये आडवी सळई दिसली. अब्बांनी दुसऱ्यांदा खांब पुरताना अँगलच्या बुडाला दोन्हीकडे हातभर बाहेर येणारी सळई वेल्ड केली होती. अकराच्या अकरांना. भाऊ येणार हे त्यांना ठाऊक होतं.

"सुबू होने के पैले मिट्टी डालके गया," चाचा म्हणाले. पहाटे माती परत लोटून गेले. अब्बांना कळलं असेल का? चाचा म्हणाले, कळलं असणार. दुसऱ्या दिवशी त्या खांबाशी पायाने माती दाबलेली होती, आणि ती त्यांनी दाबली नव्हती.

मी काय बोलणार. अब्बा घरात चाचांबद्दल कधी वाईट बोलले नाहीत, हे मला आठवलं. चांगलंही बोलले नाहीत. आणि मला हेही दिसलं की दोन भाऊ रात्री-पहाटे एकमेकांच्या खांबांशी एवढे झगडत होते, पण त्यांच्यातल्या एकालाही त्या सगळ्या वर्षांत असं वाटलं नाही की आपण ज्या मातीवरून भांडतोय ती तिसरीचीच आहे.

चाचांनीच युक्ती सांगितली. सळई तारेच्या रेषेत आहे, आडवी नाही. तेव्हा खड्डा खांबाच्या समोर नको, दोन्ही अंगांना तारेच्या रेषेत घ्या, सळईच्या टोकांपर्यंत. टोकं मोकळी झाली की वरच्या मातीचं ओझं जातं, मग बगळ्याला ऐकेल. आम्ही टिकाव-फावडं घेतलं. एका खांबाला तासभर उकरणं. दोन दिवस लागले. चाचा काठीने दाखवत राहिले, इथे नको, तिथे घे. सातव्या खांबाला त्यांनी माझ्या हातातून पाइपाचं टोक घेतलं. भाई नको नको म्हणत होता. त्यांनी दोन्ही हात पाइपावर ठेवले, अंगाचा भार टाकला. भार तरी किती, पन्नास किलो असेल. अकरापट झाला आणि खांब आला.

फुफीला दौंडहून आणायला तिचा नातू गाडी घेऊन गेला होता. तोवर बक्षीसपत्रं दुय्यम निबंधकाकडे नोंदून झाली होती, फेरफार पडायचा होता. ती आली तेव्हा अकरावा खांब आडवा होऊन पडला होता आणि मातीचा एक लांब पट्टा इकडून तिकडे नुसता खड्ड्यांचा दिसत होता. फुफी चाचांच्या बाजेवर बसली. दोघं बहीण-भाऊ खूप वेळ गुडघ्यांबद्दल आणि साखरेच्या गोळ्यांबद्दल बोलले. मग ती उठली, चपला काढल्या आणि नातवाचा हात धरून मधोमध चालायला लागली. अर्ध्यावर गेली, थांबली आणि नातवाला काहीतरी दाखवू लागली. तिथे पूर्वी चिंच होती, असं तो नंतर म्हणाला. मला ती चिंच आठवत नाही.

बगळ्याचं काय करायचं, असं भाईने विचारलं. पाटलांनी तो मागून नेला. त्यांना डाळिंबाच्या बागेतले अँगल काढायचेत. मी डी-शॅकल लावून दिलं आणि हनुवटी दाखवून सांगितलं, बाजूला उभं राहायचं.

चाचा तोवर ओरडत होते. खड्डे बुजवा आधी, अंधार पडायच्या आत, ती बाई परत येताना पाय घालेल एखाद्यात. आम्ही फावडी उचलली. सहासष्ट खड्डे होते आणि मगरिबला अर्धाच तास राहिला होता.